मस, चामखीळ, तीळ: जाळायचं, गोठवायचं की कापायचं?

आईच्या मानेवर तांदळाएवढा मस होता. वर्षानुवर्षं तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. गेल्या कापूस वेचणीत मात्र तो गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकायला लागला आणि संध्याकाळी पोलक्याच्या गळ्याला रक्ताचा ठिपका दिसू लागला. मावशीचा सल्ला तयारच होता, "कायले डाक्टरकडं जातं? घोड्याचा केस बांध, आपोआप गळते." शेजारणीनं चुना-सोडा सुचवला. कुणी म्हणालं, तालुक्याला जाऊन करंट देऊन घ्या.

मी आईला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. पुढे भावाच्या तळपायाची चामखीळ आणि वहिनीच्या गालावरचा तीळ यांच्यासाठी आणखी फेऱ्या झाल्या. तिघांचं काम तीन निराळ्या पद्धतींनी झालं, म्हणून ही तुलना लिहिते आहे. मशीन किती नवीन आहे याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. एसटीच्या किती फेऱ्या पडतील, जखम घेऊन वावरात कधी जाता येईल आणि आपल्या सावळ्या कातडीवर डाग कसा राहील, हे आधी बघा.

बोलताना आपण सगळ्यालाच चामखीळ म्हणतो, पण उपचार नावाप्रमाणे बदलतो. देठावर लोंबणारा, मऊ असतो तो मस. तो मान, काख, जांघ अशा घासणाऱ्या जागी येतो आणि पसरत नाही. खरी चामखीळ खरखरीत असते, विषाणूनं होते आणि खाजवल्यानं किंवा दाढीच्या ब्लेडनं पसरते. उतारवयात पाठीवर, कपाळावर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी उंचवटे येतात, ते वेगळेच. कातडीखाली हलणारी मऊ गाठ बहुधा चरबीची असते. तिला करंटनं जाळणं किंवा नायट्रोजननं गोठवणं काहीच उपयोगाचं नाही, काढायचीच तर चिरा देऊनच काढतात. आणि आपल्या भागात, विदर्भात, एक गोष्ट विसरू नये. कानाच्या पाळीवर, चेहऱ्यावर गुळगुळीत गाठी येत असतील तर तो कुष्ठरोगही असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तिथे गाठी जाळत बसलो तर मूळ आजार तसाच वाढत राहतो.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहिते. केसानं किंवा दोऱ्यानं बांधलेला बारीक मस कधीकधी गळतो, हे खरं आहे. पण तो आधी सुजतो, काळा पडतो, त्यात पू होऊ शकतो आणि हे सगळं घामा-मातीत चालतं. चुना-सोडा कातडी जाळतो आणि कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. बिब्बा तर सगळ्यात वाईट. आमच्या नात्यातल्या एका काकांनी मनगटावरच्या चामखिळीला बिब्ब्याचं तेल लावलं. चामखीळ वाटाण्याएवढी होती, फोड कोपरापर्यंत आले. महिनाभर त्यांना विळा धरता आला नाही आणि चामखीळ होती तिथेच राहिली.

आता डॉक्टरकडच्या पद्धती.

मसाला सगळ्यात सोपं म्हणजे कैचीनं कापणं. डॉक्टरांनी आईचा मस चिमट्यात धरला, बारीक वाकड्या कैचीनं देठातून कापला आणि रक्त थांबवायला टोकाशी किंचित करंट लावला. सुई टोचण्यापासून पट्टी लावेपर्यंत पाच मिनिटंही लागली नसतील. एकच फेरी, आणि चौथ्या दिवशी आई वेचणीला गेली. पोत मात्र खपली पडेपर्यंत हातात गुंडाळून ठेवली. लोंबत्या मसासाठी लेझरचे पैसे मोजायची गरज मला दिसत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी मसाआधी आईची मान नीट पाहिली. मागच्या घडीत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली होती. आम्ही तो उन्हाचा, मळाचा परिणाम समजत होतो. मानेला बरेच मस आणि असा काळेपणा एकत्र असेल तर साखर तपासावी, असं त्यांनी सांगितलं. तपासली, वाढलेलीच निघाली. मस काढा की ठेवा, ही तपासणी नक्की करा.

करंट, म्हणजे कॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, तालुक्याच्या दवाखान्यातही मिळते. जागा बधिर करून उंचवटा जाळतात, केस जळाल्यासारखा वास येतो. छोट्या मसांना, एकट्या-दुकट्या चामखिळीला चांगली. बहुधा एका फेरीत काम होतं, खपली आठ-दहा दिवसांत पडते. त्यानंतर काळा डाग राहू शकतो, तो काही महिने टिकतो आणि उन्हात गडद होतो. छाती, खांदा, जबड्याची कड इथे कुणाला जखमेचा व्रण फुगण्याची सवय असेल तर जाळायच्या आधी ते सांगायलाच हवं.

गोठवण्याचा नायट्रोजन तुम्ही पाहिला आहे. गाय भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला, येणारा माणूस ज्या कॅनमधून वाफाळती नळी उपसतो, तोच हा, उणे १९६ अंशांचा. डॉक्टर तो नेम धरून काही सेकंद फवारतात. बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. जळजळ होते, दुसऱ्या दिवशी फोड येतो, एक-दोन आठवड्यांत खपली पडते. (गुरांच्या कॅनमधून कुणी परस्पर प्रयोग करू नये. थंडीनंही कातडी खोलवर जळते.) त्रास फेऱ्यांचा आहे. चामखिळीला दर दोन-तीन आठवड्यांनी, तीन-चार वेळा जावं लागतं. रंग देणाऱ्या पेशी थंडी सोसत नाहीत, म्हणून सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो. चेहऱ्यावर मी ही पद्धत निवडणार नाही.

भावाचं प्रकरण तळपायाचं. तो चामखिळीला कुरूप समजून ब्लेडनं तासत होता, एकीच्या तीन झाल्या. ओळखायची खूण अशी: कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटली की दुखते आणि वरचा थर निघाला की तिच्यात काळे ठिपके दिसतात. तळपायाच्या चामखिळीला सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध बरेचदा गोठवण्याइतकंच गुण देतं. रोज रात्री पाय कोमट पाण्यात भिजवायचा, घासायचा, थेंब लावायचा, असं साधारण तीन महिने. सवड नसलेल्या माणसाला हे चार फेऱ्यांपेक्षा परवडतं. भावानं हेच केलं आणि त्याच्या कामाचा एकही खाडा पडला नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे, पाय बधिर होतात, त्यांनी मात्र हे आपल्या मनानं सुरू करू नये. चेहऱ्याला तर हे लावूच नये. लहान मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा एक-दोन वर्षांत आपसूक जातात, तिथे थांबण्यात शहाणपण आहे.

तिळाला वेगळाच नियम. तीळ जाळून टाकला की तपासायला काही उरत नाही, आणि मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. वहिनीला एका ठिकाणी "दहा मिनिटांत लेझरनं काढतो" असं सांगितलं होतं, तीळ भिंगाखाली न धरताच. दुसऱ्या डॉक्टरांनी तो ब्लेडनं कातडीच्या पातळीला तासून काढला आणि तुकडा बाटलीत घालून तपासणीला पाठवला. टाके नाहीत, डाग फिका. तीळ थोडा परत उगवू शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं. शंका असेल तर पूर्ण कापून टाके घालतात. मग टाके काढायला दुसरी फेरी, चेहऱ्यावर पाच-सात दिवसांनी, पाठीवर, पायावर दहा ते चौदा. व्रण तिळापेक्षा लांब येतो, पण मूळ निघतं आणि अहवाल हातात पडतो. तीळ आकार बदलतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकात दोन-तीन रंग आहेत, आपोआप रक्त येतं, किंवा तळपायावर, नखाखाली नवा काळा डाग वाढतोय, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. भारतीयांत काळ्या डागाचा कर्करोग बरेचदा तळपायालाच होतो.

कार्बन डायऑक्साइड लेझर गालावरच्या पुष्कळ बारीक काळ्या ठिपक्यांसाठी चांगला, कारण खोली नेमकी राखता येते. पण त्यासाठी नागपूर-अमरावती गाठावी लागते, खर्च सगळ्यात जास्त येतो आणि डाग राहतच नाही असं नाही. पैसे नगावर की बैठकीवर, ते आधी विचारा.

खर्चाची अडचण असेल तर सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, नागपूरचं मेडिकल किंवा मेयो अशा मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, पण ग्रामीण रुग्णालयात त्वचेचा डॉक्टर रोज नसतो. आधी चौकशी करूनच एसटीत बसा.

घाई नसलेलं काम मी माघ-फाल्गुनात ठेवते. वेचणी उरकलेली असते, ऊन चढलेलं नसतं. फवारणीच्या दिवसांत तर नकोच. पंपाचा पट्टा जखमेवर घासतो आणि उघड्या कातडीतून फवारणीचं औषध सहज शरीरात जातं. जखम भरेपर्यंत फवारणी दुसऱ्याकडे द्या, शेणा-मातीचं काम टाळा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करायची गोळी, हृदयातला पेसमेकर, साखर, घरातला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), हेही खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायचं. खपली नखानं काढायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची, व्हॅसलीन लावायचं आणि बाहेर पडताना त्या जागेवर दुपट्टा घ्यायचा.