वडिलांची दुनळी ठेवावी की विकावी? वस्तीवर राहणाऱ्यांसाठी

परवानाधारक वारला की बंदूक जमा करावी लागते आणि वारसापुढे प्रश्न उभा राहतो: परवाना आपल्या नावावर मागायचा की हत्यार विकून मोकळं व्हायचं? आमच्याकडे वडिलांची बारा बोरची दुनळी होती. मी ती विकली आणि पडवीला लोखंडी जाळीचा दरवाजा, अंगणात दिवे आणि दोन कुत्री अशी सोय केली. शेजारच्या वस्तीवर बंदूक आहे आणि त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

बंदुकीच्या बाजूने आधी सांगतो. १ जुलै २०२४ पासून खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. रात्री घर फोडून कोणी आत शिरला, तर कलम ४१ प्रमाणे, गरज असेल तर, त्याचा जीव जाईपर्यंतही बळ वापरता येतं. हल्ल्याच्या क्षणी माणसाने बळ अगदी तोलूनमापून वापरावं अशी अपेक्षा न्यायालयंही धरत नाहीत. ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात बापावर हल्ला होताना मुलाने गोळी झाडली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. पण घटना १९९१ ची आणि हा निकाल २०१० चा. मधल्या काळात उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं होतं. बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावरच असते.

तरी माझा निर्णय झाला तो उंबरठ्यावरून. घरफोडीविरुद्धचा हा मोठा हक्क चोर घरात आहे तोवरच टिकतो. आणि वस्तीवर चोर घरात येतो कधी? आमच्या भागात तो विहिरीवरची मोटार नेतो, केबल कापतो, ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेतो. ही साधी चोरी. जिवाची भीती नसेल तर तिच्यासाठी माणूस मारण्याचा हक्क कायदा देत नाही. म्हणजे ज्या रात्री बंदूक घेऊन बाहेर पडावंसं वाटेल, नेमक्या त्याच रात्री ती झाडता येत नाही. अंधारात छर्रे कुठे लागतील हे आपल्या हाती नसतं. पळणाऱ्याच्या पाठीत लागून तो मेला तर खून किंवा सदोष मनुष्यवधाचं कलम लागतं आणि बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त होते. हा पेच मला काही केल्या सुटेना. निवडणूक आली की ठाण्यात हत्यार जमा करायची नोटीस येते, तो त्रास त्यामानाने किरकोळ.

कुत्र्यांचंही फुकट नाही. निष्काळजीपणामुळे कुत्रा कोणाला चावला तर त्याच संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय रात्रभर भुंकणं. पण ती आल्यापासून चोर विहिरीपर्यंत पोचलेला मला तरी आठवत नाही.

जिवाला खरा धोका असेल, धमक्यांच्या तक्रारी ठाण्यात नोंदलेल्या असतील, तर परवाना जरूर मागा. नुसता चोरीचा धाक असेल तर मी जाळी आणि कुत्र्यांकडे झुकेन. काहीही निवडलं तरी खुडबुड ऐकू येताच आधी ११२ ला फोन करा. पोलिसांकडे जायला वेळ होता तर कलम ३७ प्रमाणे बचावाचा हक्कच उरत नाही. फोन केला असेल तर त्याची वेळ नोंदवलेली राहते.