तळाला भोक न पाडता : एअरमार पी७९, एका मोसमानंतर

आमच्या २६ फुटी शिडाच्या बोटीच्या तळाला आधीच दोन भोकं आहेत, एक टॉयलेटचं, एक इंजिनाच्या पाण्याचं. तिसरं मी पाडू देणार नव्हते. पण फेब्रुवारीत रेवसच्या तोंडाशी ओहोटीला कील (बोटीच्या तळाखालचं जड पातं) चिखलात बसली आणि भरती येईपर्यंत नवरा, मी आणि थर्मासमधला थंड चहा असे पाच तास तिरपे बसून होतो. तेव्हा खोली दाखवणारं काहीतरी हवं, हे दोघांनाही पटलं.

एअरमार कंपनीचा पी७९ हा खोली मोजणारा सेन्सर, आणि तो बोटीच्या आतच बसतो. आवाजाची लहर तळाच्या फायबरमधून खाली जाते आणि तशीच परत येते. अट एकच, तळ सलग फायबरचा हवा. मधे फोम किंवा बाल्साच्या हलक्या लाकडाचा थर असेल, किंवा बोट लाकडी असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका. आमचं ठीक होतं. टॉयलेटचा व्हॉल्व्ह बदलताना भोकाची कड मी स्वतः पाहिली होती.

चिकटवण्याआधी झिप लावायच्या पिशवीत पाणी भरून, त्यात सेन्सर घालून, बोट पाण्यात असतानाच जागा शोधली. इंजिनापाशी आकडा नुसता नाचत होता. कीलच्या पुढे, झोपायच्या बाकाखाली पिशवी टेकवली आणि आकडा ठाम झाला. हे अर्ध्या तासाचं काम टाळू नका, बाकी सगळं त्यानंतरचं.

मग रंग खरवडून, ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर मारून, सेन्सरची बैठक इपॉक्सीने चिकटवली. तळाचा उतार २२ अंशांपर्यंत असेल तर सेन्सर फिरवून सरळ खाली रोखता येतो, ही याची खरी करामत. बैठकीत प्रॉपिलीन ग्लायकॉल भरायचं, ते प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळालं. पहिल्यांदा घाईत ओतलं, आत हवेचा बुडबुडा राहिला आणि डिस्प्लेवर फक्त रेघा. चूक माझी. हवेतून ही लहर जातच नाही म्हणा ना. उघडून, सावकाश भरून पुन्हा बसवला तेव्हा सुरू झाला.

कस्टम आणि कुरिअर धरून वीस हजारांच्या वर गेला. पाण्याचं तापमान हा सांगत नाही, आणि फायबरमधून जाताना लहरीचा जोर थोडा कमी होतो, त्यामुळे खोल समुद्रात मासे शोधायचे असतील तर दुसरं काही बघा. आम्हाला गेटवे ते मांडवा पुरतं, तिथे प्रश्न पहिल्या पाच-सहा मीटरचाच असतो. उधाणाला इथलं पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. नकाशावरच्या आकड्यात त्या वेळची भरती मिळवत बसण्यापेक्षा समोर आकडा दिसलेला बरा.

तो आकडा मात्र कशापासून मोजलेला हे आधी ठरवा. आमची बोट १.३ मीटर पाण्यात बुडते, सेन्सर पाण्याखाली ०.४ मीटरवर. म्हणून डिस्प्लेत उणे ०.९ टाकलं, आता कीलच्या खाली किती पाणी आहे ते थेट कळतं. मांडव्याच्या वाळूवर शिसं बांधलेली दोरी सोडून ताडून पाहिलं. दोरी म्हणाली ४.१, डिस्प्ले म्हणाला २.८. हिशोब बरोबर.

आमच्या मुरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवतो तिथे, मात्र ताळा बसत नाही. तिथला तळ मऊ गाळाचा, लहर वरच्या थरावरूनच परतते आणि शिसं आणखी वीतभर आत रुततं. बोटीची देखभाल करणारे तांडेलकाका दर वेळी दोरी सोडतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "ताई, तुमचं मशीन पाणी कमी दाखवतं." मी दोनदा समजावलं. आता तेवढं जास्तीचं पाणी त्यांच्या नावावर सोडलंय.