प्रॉपिलीन ग्लायकॉल: उन्हाळा ते गणपती, टी-शर्ट प्रिंटिंगमधला अनुभव

सोलापूरचा एप्रिल, पत्र्याचं शेड आणि पाण्यावरची पिगमेंट शाई. शाई सुकून स्क्रीनची, म्हणजे छपाईच्या चौकटीची, जाळी चोक होणार हे ठरलेलंच. आधी अनुस्वार गायब होतात, मग वेलांट्यांची टोकं. ओल्या चिंधीनं स्क्रीन पुसली की पुढचे दोन शर्ट फिके येतात, ते वेगळंच.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला शाईत प्रॉपिलीन ग्लायकॉल हे सावकाश उडणारं द्रव्य घालायला सुरुवात केली. प्रमाण किलोला २० ते ३० ग्रॅम. पाणी १०० अंशांना उकळतं, हे १८८ अंशांना. त्यामुळे शाईतलं पाणी उडालं तरी हे मागे राहतं आणि जाळीच्या घरांत बाइंडरची (रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या घटकाची) पापडी लवकर धरत नाही. भर दुपारीसुद्धा जेवायला उठताना स्क्रीनवर शाईचा थर ओढून ठेवला की परत आल्यावर आधी दोन चिंध्यांवर छापून काम सुरू करता येतं. इंकजेटच्या शाईत आणि रंगाच्या दुकानातल्या टिंटिंग मशीनच्या पेस्टमध्येही ग्लायकॉल असतात ते याचसाठी, नोझल सुकू नये म्हणून. थंड देशांत इमल्शन पेंट डब्यात गोठू नये म्हणूनही घालतात. सोलापूरकरांना त्याची काळजी नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. मंडळांच्या शर्टांची घाई, हवा दमट, आणि हे द्रव्य हवेतला ओलावा धरून ठेवणारं. उन्हाळ्याचं प्रमाण तसंच चालू ठेवलं तर छपाई तासन् तास चिकट राहते आणि थप्पी लावली की वरच्या शर्टाच्या पाठीला डाग पडतो. क्युअरिंगलाही (छपाई तापवून पक्की करायला) जास्त वेळ द्यावा लागतो, कारण आधी हे उडायला हवं, मग बाइंडर पक्का होणार. घाईत काढलेला शर्ट पहिल्या धुण्यातच रंग सोडतो. जुलैपासून मी किलोला १० ग्रॅमवर आलोय, मुसळधार असेल तर शून्य. मापाच्या टोपणानं अंदाजे ओतू नका, काट्यावर वजन करा. कॅनचं झाकणही घट्ट हवं.

दुकानदार हमखास म्हणतो, "मालक, ग्लायकॉल ते ग्लायकॉल, मोनोएथिलीन स्वस्त पडतंय, तेच घ्या." जाळीपुरतं काम तेही करतं. पण ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. आमच्याकडे शाईच्या टेबलावरच चहाचे कप असतात, पोरं हातमोजे घालत नाहीत. त्याचंच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमधून गेलं आणि १४ रुग्ण दगावले. चार पैसे वाचवायला मी तो कॅन शेडमध्ये आणणार नाही. प्रॉपिलीनसुद्धा इंडस्ट्रियल ग्रेडचं असेल तर शाईपुरतंच ठेवा, लेबल न काढता.

काळ्या-निळ्या शाईत फायदा जास्त दिसला. पांढऱ्या ओपेक (गडद कापड झाकणाऱ्या) पेस्टमध्ये बेताचाच. प्लास्टिसोल, म्हणजे प्लास्टिकची शाई, वापरणाऱ्यांनी मात्र याच्या नादी लागू नये. त्यात पाणीच नसतं, ती स्क्रीनवर सुकतच नाही.