एअर रायफलला पीप साइट: महिनाभरानंतर

पन्नाशीनंतर माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट), खाच (मागची, डोळ्याकडची साइट) आणि दहा मीटरवरची निशाण्याची काळी चकती, तिन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. सांगलीत घरामागच्या बोळात, वाळूच्या पोत्यासमोर, नेम धरून डोळे दुखायचे. म्हणून .१७७ (४.५ मिमी छर्ऱ्याच्या) रायफलची खाच काढून वरच्या ११ मिमी रेलवर (साइट बसवायच्या खाचेरी पट्टीवर) पीप साइट, म्हणजे बारीक छिद्राची मागची साइट, बसवली. छिद्रातून डोळा आपोआप मध्य शोधतो. नजर फक्त माशीवर ठेवायची. माशी आणि पीप, दोन्ही साइटमधलं अंतरही वाढलं; ते जितकं जास्त, तितकी नेमातली चूक कागदावर कमी दिसते. ते ४० सेंटीमीटरच असेल, तर साइट जुळवण्यातली १ मिलिमीटरची चूक दहा मीटरवरच्या कागदावर २५ मिलिमीटर होते!

घेताना एक बघा: पीप उंच बसते, म्हणून माशीही उंच हवी, नाहीतर छर्रे वर जातात. चमकती फायबरची माशी उन्हात फुलून चकतीच झाकायची. साधी काळी लावली. स्क्रू मात्र झटक्याने सैल होतात, सारखे आवळावे लागतात.