टायमिंग आणि स्लो: उद्यमनगरातले मिस्त्री

कोल्हापुरात जुन्या गाडीचं ट्यूनिंग करून देणारे पुष्कळ आहेत. पण टायमिंग लाइट (इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावून, काम क्रमानं करणारे मला एकच मिस्त्री भेटले. शिवाजी उद्यमनगरात लेथच्या दुकानांमागं त्यांची शेड आहे, पाटी नाही.

आमची गाडी म्हणजे आप्पांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर. सिग्नलला थांबलं की बंद पडायची. आधीच्या एका गॅरेजनं कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन किती वेगानं फिरेल ते ठरवणारा, आवळून दिला. बंद पडणं थांबलं, पण पहिला गिअर खर्रकन पडायला लागला, चावी काढली तरी इंजिन थोडा वेळ धडधडत राहायचं आणि चढाला दम तर नव्हताच.

मिस्त्रींनी त्या स्क्रूला आधी हातच लावला नाही. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून मला पुढं बोलावलं. "ताई, फट बघा की. कागद जाईना यातनं." पॉइंट म्हणजे आतला उघडझाप करणारा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. त्याची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, फट मिटत जाते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. ठिणगी मागं पडली की इंजिन तापतं, ताकद जाते, स्लो उतरतो. दुखणं डिस्ट्रिब्युटरचं आणि औषध कार्ब्युरेटरला, असं चाललं होतं.

नवे पॉइंट टाकून फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, फट लावली. ही फट आधीच लावावी लागते, कारण ती बदलली की टायमिंगही बदलतं. मग इंजिन पुरतं गरम होऊ दिलं, चोक अजिबात न लावता. आवळलेला स्लो खाली आणला, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी (तीही टायमिंग हलवते) काढून तिचं तोंड बंद केलं आणि टायमिंग लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावली. मी विचारलं, स्लो आधी का उतरवला? म्हणाले, रेस जास्त असली तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं उघडतात, टायमिंग पुढं गेलेलं दिसतं आणि आपण फसतो. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत पुलीवरची खूण जागेवर आणली, नट आवळला आणि खूण पुन्हा बघितली, कारण आवळताना तो हलतो. शेवटी स्लो स्क्रू आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे फिरवत कानानं जुळवलं. स्लो बदलला म्हणून टायमिंग परत एकदा तपासलं. हे परत तपासणं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते खरं काम तिथंच आहे.

ट्रायलला स्वतः शेजारी बसले. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला, थेट वाघबीळपर्यंत. चढाला टॉप गिअरमध्ये पॅडल दाबायला लावलं आणि नॉकिंगची, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली की येणारी, टिकटिक येते का ते ऐकत राहिले. आली नाही. गाडी आता सिग्नलला शांत उभी राहते आणि चावी काढली की तिथंच थांबते.

उणं म्हणाल तर वेळ. अर्धा दिवस धरूनच जा, एका वेळी एकच गाडी घेतात, आणि शेडमध्ये बसायला एक स्टूल. मजुरी वाजवी, कामाआधी सांगतात. पॉइंट आणि कंडेन्सर मात्र आपणच चांगल्या प्रतीचे घेऊन जावेत, त्यांच्याकडं नेहमी शिल्लक नसतात. आणि गाडी सोडून जाऊ नका, उभं राहून बघा. विचारलेलं सगळं समजावून सांगतात.