रोज खिशात ठेवायला रोलवाला कॅमेरा : ऑलिम्पस एक्सए२

आधीच सांगून टाकतो, रोज सोबत बाळगायला छोटा, कोणाच्या नजरेत न येणारा रोलचा कॅमेरा हवा असेल आणि तुम्ही मुंबईत लोकलने फिरत असाल तर ऑलिम्पस एक्सए२ घ्या, त्याचा मोठा भाऊ एक्सए नको. जाणकार मंडळी वैतागतील, कारण कागदावर एक्सएच भारी आहे. १९७९ चा, योशिहिसा मैतानींचं डिझाइन, ३५ मिमी एफ २.८ लेन्स (हा एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त), एवढ्याशा डबीत खराखुरा रेंजफाइंडर म्हणजे नेमका फोकस लावायची सोय आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येणारं भोक, आपल्या हातात. एक्सए२ पुढच्या वर्षी आला, त्याची लेन्स एफ ३.५, एक्स्पोजर म्हणजे किती उजेड घ्यायचा ते सगळं कॅमेराच ठरवणार आणि फोकसला फक्त तीन चित्रं, एक जवळचा चेहरा, एक उभी माणसं, एक डोंगर. संपलं.

पण रेंजफाइंडरचं काम कसं चालतं बघा, मधोमध एक फिकट चौकोन असतो त्यात दोन प्रतिमा दिसतात, त्या एकावर एक बसवल्या की फोकस. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर हे करून दाखवा. मागून लोंढा येतोय, कोणीतरी "ओ भाऊ, पुढे चला ना" म्हणतंय आणि तुम्ही डोळा बारीक करून चौकोन शोधताय, तोवर ज्याचा फोटो काढायचा तो माणूस ठाण्याला पोचला पण. एक्सए२ मधे पुढचं झाकण बंद केलं की फोकस आपोआप मधल्या चित्रावर येऊन बसतो. म्हणजे परत झाकण सरकवून उघडलं की चार-सहा पावलांवरचं बहुतेक काही बरं येणारच हे ठरलेलं, लाल बटण दाबा आणि झाकण लावा. मला तरी ही सोय एफ २.८ पेक्षा मोठी वाटते.

आवाजाचं म्हणाल तर शटर लेन्सच्या आतलं आहे, बारीकशी टिक होते, लोकलमधे तुमची तुम्हालाच ऐकू येणार नाही. रोल अंगठ्याने चाक फिरवून पुढे न्यायचा, त्याची किरकिर होते पण ती कधी करायची ते तुमच्या हातात. मोटरवाल्या कॅमेऱ्यात ती गोष्ट नसते. ऑलिम्पसचाच म्यू टू लोकांना फार आवडतो, १९९७ चा, एफ २.८, आणि पावसाचे शिंतोडे सोसतो हे मुंबईत मोठंच सुख आहे, मान्य. पण उघडला की दरवेळी फ्लॅश ऑटोवर असतो, बंद करायला बटणं दाबत बसा, नाही दाबली तर अंधाऱ्या डब्यात लख्ख उजेड आणि अख्खा डबा तुमच्याकडे बघतोय. शिवाय आतलं सर्किट गेलं की दुरुस्तीच्या नावाने बोंब. रोलाय ३५ देखणा आहे, हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही, पण लेन्स बाहेर ओढा, फिरवून लॉक करा, अंतर अंदाजाने लावा, रोल डाव्या हाताने ओढा, आत ढकलायच्या आधी परत रोल ओढलेला पाहिजे... रविवारी सकाळी फोर्टात निवांत फिरताना ठीक आहे. कॉन्टॅक्स टी२ चं नावच काढू नका, त्या पैशात जुनी अ‍ॅक्टिव्हा येईल.

आता एक्सए२ चं दुखणं. लोकलच्या दारात माणूस उभा आहे आणि मागे झगझगीत ऊन, तर माणूस काळाठिक्कर. एक्सए ला खाली एक दांडी आहे ती सरकवली की दीड स्टॉप (उजेडाचं माप) जास्त उजेड घेतो, इथे ती सोय काढून टाकली आहे. उपाय सोपा, लेन्सच्या खालच्या बाजूला एएसएची पट्टी असते (एएसए म्हणजे रोलचा वेग, आकडा जितका मोठा तितक्या कमी उजेडात रोल चालतो), ती ४०० वरून १०० वर आणायची म्हणजे कॅमेरा जास्त उजेड घेतो, फोटो झाला की परत ४०० वर. दुसरं म्हणजे पट्टी ८०० ला संपते, त्यामुळे रात्रीचा कॅमेरा हा नाही. शटर फार मंद होणार असेल तर व्ह्यूफाइंडरमधे हिरवा दिवा लागतो, तो दिसला की खांबाला टेका किंवा सोडून द्या. आणि बटण इतकं हलकं आहे की नुसतं बोट लागलं तरी फोटो जातो, रोलचे भाव बघता ते परवडत नाही.

घ्यायला फोर्टचा बोरा बाजार बरा, चोरबाजारातही मिळतो पण तिथे तपासून बघायला वेळ देतीलच असं नाही. एलआर४४ चे दोन सेल घरूनच घेऊन जा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतात, सेलशिवाय हा कॅमेरा काहीच करत नाही आणि दुकानदार "सेल टाकला की चालेल" म्हणाला तर टाकूनच बघा. मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बघा, बोटाला डांबरासारखा चिकटला तर बदलावा लागेल, ते काम स्वस्तात होतं. लेन्सवर टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, घेऊ नका, आपल्या हवेत ती वाढतच जाते. घरीसुद्धा पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमधे ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

लपून फोटो काढायला म्हणून मात्र घेऊ नका. समोरच्याने बघितलंच तर हसून दाखवायचा, तो "नको" म्हणाला तर विषय संपला. बहुतेक वेळा "हे काय ओ, रोल अजून मिळतो?" एवढंच विचारतात आणि मग आपल्या लग्नातल्या फोटोंबद्दल बोलायला लागतात.

बाजूला जोडायचा ए११ फ्लॅश सोबत मिळाला तर घ्या पण काढून ठेवा, तो लावला की खिशात मावायची मजाच जाते. आणि मनगटाला दोरी पाहिजेच, दोनशे ग्रॅमचा आहे, गर्दीत हातातून कधी निसटला ते कळणारही नाही.