शेततळ्यातल्या माशांना शेणखत: पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

पुरंदर तालुक्यात आमचं 20 गुंठ्यांचं शेततळं आहे, तळाला प्लास्टिकचा कागद. कटला, रोहू, मृगळ सोडलेत. कागदामुळे तळाच्या मातीतून पाण्याला काहीच मिळत नाही, त्यामुळे अशा तळ्यात खत घालावंच लागतं. नितळ पाणी दिसायला छान, पण त्यात मासा उपाशी राहतो. खतावर आधी प्लवंग, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढतं आणि त्यावर मासा.

ओल्या शेणाची मात्रा हेक्टरी वर्षाला 10 ते 15 टन सांगतात, म्हणजे आमच्या तळ्याला 2 ते 3 टन. त्यातला पाचवा हिस्सा बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडण्याआधी पंधरा दिवस टाकला, उरलेलं हप्त्याहप्त्याने. शेण पाण्यात फेकत नाही. गोणीत भरून कोपऱ्यात अर्धवट बुडेल अशी टांगतो, म्हणजे अर्क हळूहळू उतरतो आणि चोथा काढून परत उकिरड्यावर नेता येतो. कागदाच्या तळ्यात गाळ साचू न देणं फार महत्त्वाचं.

माझं ठाम मत मात्र गोबरगॅसच्या स्लरीच्या बाजूने आहे. ताजं शेण पाण्यात कुजताना प्राणवायू खातं, स्लरी आधीच कुजलेली असते. स्लरी सुरू केल्यापासून पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना फारच क्वचित दिसतात. हे पाहायचं तर उजाडण्याआधीच तळ्यावर जावं, कारण रात्रभरात प्राणवायू तेव्हा सगळ्यात कमी झालेला असतो.

कधी घालायचं हे कॅलेंडर नाही, पाणी सांगतं. कोपरापर्यंत हात बुडवायचा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर खत बंद, कोपर बुडूनही बोटं स्वच्छ दिसली तर घालायचं. हिरवट-तपकिरी पाणी उत्तम. गडद हिरवं होऊन वर साय धरली की थांबायचं. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात तर काहीच घालत नाही. थंडीत प्लवंग सावकाश वाढतं, तेव्हाही हात आखडता.

कोंबडी खत जोरदार, हेक्टरी 5 टनांतच काम होतं. पण पोल्ट्रीतून येताना त्यात भाताचं तूस येतं, ते कित्येक दिवस तरंगत राहतं. शिवाय पक्ष्यांना कोणती औषधं दिली होती, हे विचारल्याशिवाय मी ते घेणार नाही.

माशांची कोंडा-पेंड बंद झालेली नाही, पण पाण्याला रंग असेल त्या आठवड्यात निम्म्यावर भागतं.